पंचांगापासून वर्तमानपत्रापर्यंत : फर्दुनजी मर्झबान

औंढ्याच्या माणसाला गाव सोडून दूर गेलेल्यांची गोष्ट परकी वाटत नाही. नामदेव महाराजांची नरसी आपल्या जिल्ह्यातच आहे. त्यांना विसोबा खेचरांचा गुरूपदेश झाला तो आपल्या नागनाथाच्या देवळात, अशी परंपरेने चालत आलेली श्रद्धा आहे. पुढे हेच नामदेव पंजाबात गेले, घुमान येथे राहिले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात गुरुमुखी लिपीत आजही वाचली जातात. आजच्या काळात आपल्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली माणसे आपण पाहतो. पुण्या-मुंबईला पोटासाठी गेलेले नातेवाईक तर घरटी एक-दोन निघतील.

माणूस गाव सोडतो तेव्हा बरोबर अंथरूण-पांघरूण नेतो, चार भांडी नेतो, घरचा देव नेतो. या सगळ्याबरोबर न बांधता जाते ती भाषा. परक्या मुलखात तिचे पुढे काय होते? ती फक्त घरात बोलण्यापुरती उरते, की तिला चारचौघांत, बाजारात, कचेरीत काही स्थान मिळते? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत फर्दुनजी मर्झबान यांचे नाव फार वरचे आहे. सुरतेहून मुंबईत आलेल्या या पारशी तरुणाने १८१२ साली छापखाना काढला आणि १८२२ साली ‘मुंबई समाचार’ हे गुजराती वर्तमानपत्र सुरू केले. ते वर्तमानपत्र दोनशे वर्षे उलटल्यावरही निघत आहे. त्याच्या संस्थापकाला मात्र दहा वर्षांत मुंबई सोडावी लागली. त्यांचे हे चढउताराचे आयुष्य समजून घ्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

छापखाना आला, पण आपली अक्षरे आली नाहीत

फर्दुनजींचे काम किती अवघड होते हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हिंदुस्थानात छापखाना आला तो १५५६ साली, गोव्यात. अॅबिसिनियाला निघालेल्या जेझुइट धर्मोपदेशकांबरोबरचे हे यंत्र गोव्यात उतरले आणि तेथेच राहिले. ते चालविणारा हुआन दे बुस्तामांते हा जन्माने स्पॅनिश होता. म्हणजे आपल्या देशातील पहिला मुद्रकच मुळी एक स्थलांतरित होता. परंतु गोव्याच्या छापखान्यातून बाहेर पडलेली पुस्तके रोमन लिपीतील होती. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्यातील मराठी ओव्या वाचताना आजही मन प्रसन्न होते, परंतु त्या छापल्या गेल्या रोमन अक्षरांत. आपली भाषा छापली गेली, पण आपली लिपी मात्र बाहेरच राहिली.

मुंबईत पहिला प्रयत्न केला तो भीमजी पारेख नावाच्या सुरतेच्या व्यापाऱ्याने. आपल्याकडील जुने ग्रंथ छापून काढावेत अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला पाठविला. पण या मुद्रकाला देशी अक्षरांचे खिळे तयार करता येईनात. यंत्र होते, पैसा होता, हौस होती, अक्षर नव्हते. प्रयत्न तेथेच थांबला.

खिळे तयार करणे एवढे कठीण का, हे आजच्या संगणकाच्या काळात सांगावेच लागेल. पूर्वी एकेक अक्षर पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटे कोरीत. ही कांडी तांब्याच्या पट्टीत ठोकली की अक्षराचा खोलगट ठसा उमटे. तो ठसा साच्यात बसवून त्यात शिशाचा रस ओतला म्हणजे एक खिळा तयार होई. असे शेकडो खिळे ओतायचे, खणाखणांच्या पेटीत लावायचे, आणि जुळाऱ्याने एकेक उचलून ओळ जुळवायची. इंग्रजीला लहानमोठी मिळून बावन्न अक्षरे पुरतात. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरली तर ही संख्या काही शेकड्यांवर जाते. देवनागरीत शिरोरेषेची अडचण आणखी वेगळी. दोन खिळ्यांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी वरची रेघ तुटलेली दिसते. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने एवढी एक अडचण कमी होती.

मुंबईत छपाईच्या धंद्यात पारशी माणसे लवकर शिरली. रुस्तुम करसासजी यांनी १७८० सालचे इंग्रजी कॅलेंडर मुंबईत छापले होते. पुढे ‘बॉम्बे कूरियर’ या इंग्रजी पत्राच्या छापखान्यात जीजीभाई छापगर या पारशी कारागिराने गुजराती खिळे घडविले, आणि १७९७ साली त्या पत्रात गुजराती जाहिरात छापली गेली. म्हणजे मुंबईच्या वर्तमानपत्रात गुजराती आली ती प्रथम जाहिरातीपुरती. घराचे मालक इंग्रज, आणि देशी भाषा ओसरीवर उभी, असे हे चित्र होते.

सुरत ते मुंबई

फर्दुनजींचा जन्म १७८७ साली सुरतेस झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. धर्मग्रंथांचे पठण आणि फारसीचे शिक्षण घरातूनच मिळाले. एकेकाळी मोगलांचे मोठे बंदर असलेल्या सुरतेचे वैभव त्या सुमारास ओसरत चालले होते आणि मुंबई वाढत होती. व्यापारी, गवंडी, सुतार, दुभाषे, कारकून सगळेच मुंबईची वाट धरीत होते. १८०५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी फर्दुनजीही मुंबईत आले.

येथे त्यांना मुल्ला फिरोज यांचा सहवास लाभला. मुल्ला फिरोज हे त्या काळातील फार मोठे विद्वान. लहानपणी वडिलांबरोबर इराणला जाऊन बारा वर्षे राहून, फारसी व अरबीत पारंगत होऊन ते परतले होते. त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह प्रसिद्ध होता आणि पुढे त्यांच्या नावाने ग्रंथालयच उभे राहिले. या विद्वानाच्या पुस्तकांत वावरताना फर्दुनजींना पुस्तकाची गोडी लागली. ही गोडी वाचण्यापुरती राहिली नाही, पुस्तक ही वस्तू कशी तयार होते इकडेही त्यांचे लक्ष गेले. १८०८ साली त्यांनी पुस्तकबांधणीचा धंदा सुरू केला.

धर्मगुरूच्या घरातला मुलगा खळ-सुतळी आणि कातडे हाती घेऊन पुस्तके बांधायला बसला, ही गोष्ट लहान नाही. विद्या डोक्यात ठेवायची आणि हात स्वच्छ ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. फर्दुनजींनी ती मोडली. पुस्तके बांधता बांधता ते छपाईपर्यंत पोहोचले, आणि १८१२ साली त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. मुंबईत देशी माणसाने देशी भाषेसाठी काढलेला हा पहिला छापखाना म्हणून ओळखला जातो.

गंमत अशी की १८१२ हेच बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मवर्ष सांगितले जाते. कोकणातील पोंभुर्ल्याचे हे मूल पुढे मुंबईत येऊन मराठी वृत्तपत्राचा पाया घालणार होते.

पारशाने छापलेले हिंदू पंचांग

छापखाना काढला, पण छापायचे काय? पुस्तक विकत घेऊन वाचण्याची सवय लोकांना नव्हती. पोथी नकलून घ्यायची, नाहीतर कोणी वाचीत असेल तेथे जाऊन ऐकायची, ही रीत. अशा लोकांना छापील वस्तू घ्यायला लावायची तर ती प्रत्येक घराला लागणारी हवी. फर्दुनजींनी अशी वस्तू बरोबर हेरली. १८१४ साली त्यांनी गुजराती पंचांग छापून प्रसिद्ध केले.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे पंचांग विक्रम संवताचे, म्हणजे हिंदूंचे होते. छापणारा पारशी धर्मगुरूच्या घराण्यातला. त्याच्या स्वतःच्या धर्माची कालगणना वेगळी. तरीही तिथी-वार-नक्षत्रांचे हे पुस्तक त्याने गुजराती व्यापाऱ्यांच्या आणि गृहस्थांच्या हाती दिले. भाषा एक असली की धर्माची सीमा ओलांडता येते, हे त्याने भाषणे न करता दाखवून दिले. ‘मुंबई समाचार’चे पंचांग गुजराती घरांत आजही ओळखीचे आहे.

मराठीतही पुढे हेच घडले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठीतील छापील पंचांग काढले. सोवळ्यातील माणसाने छापील कागदाला हात लावावा की नाही, शाईत कोणता चरबीचा अंश तर नाही, असे प्रश्न त्या वेळी विचारले जात. गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगतात. छापील अक्षराला घरात प्रवेश मिळवून देण्याचे पहिले काम दोन्ही भाषांत पंचांगाने केले आहे, ही मौजेची गोष्ट आहे.

पंचांगाच्या पाठोपाठ फर्दुनजींनी फारसीतील ग्रंथ गुजरातीत आणण्यास सुरुवात केली. ‘दबिस्तान’ हा निरनिराळ्या धर्मपंथांची माहिती देणारा फारसी ग्रंथ. त्याचे गुजराती भाषांतर त्यांनी १८१५ साली प्रसिद्ध केले. जे ज्ञान मुल्ला फिरोज यांच्यासारख्या मोजक्या विद्वानांच्या कपाटात होते, ते पेढीवरच्या माणसाला त्याच्या बोलीत मिळू लागले.

‘श्री मुंबईनां समाचार’

यानंतरचे पाऊल वर्तमानपत्राचे. बंगालमध्ये १८१८ साली सेरामपूरच्या मिशनऱ्यांचे ‘समाचार दर्पण’ निघाले होते. राजा राममोहन रॉय यांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते ते ‘संवाद कौमुदी’ १८२१ साली निघाले. मुंबईत मात्र इंग्रजी पत्रेच होती. १ जुलै १८२२ रोजी, सोमवारी, फर्दुनजींनी आपल्या साप्ताहिकाचा पहिला अंक काढला. त्याचे सुरुवातीचे नाव ‘श्री मुंबईनां समाचार’ असे होते. अंक लहान आकाराचा, दहा इंच लांब आणि आठ इंच रुंद. तीन ताव आणि अर्ध्या तावाची पुरवणी मिळून चौदा पाने छापील मजकूर असे.

त्यात काय असे? जहाजे कोणती आली, कोणती गेली, मालाचे भाव, लिलाव, घर-जमिनीचे व्यवहार, सरकारी नेमणुका. आजच्या वाचकाला हे रूक्ष वाटेल. पण त्या वेळच्या मुंबईतील गुजराती दुकानदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. बंदरात जहाज लागल्याची बातमी इंग्रजी जाणणाऱ्याला आधी कळणार, आणि इंग्रजी न जाणणाऱ्याला ती दलालाच्या तोंडून, दलालाच्या सोयीने कळणार. माहिती उशिरा कळणे म्हणजे पैशाचे नुकसान. अशा माणसाला त्याच्या भाषेत, छापील, सर्वांना सारखी अशी माहिती दर आठवड्याला मिळू लागली, हा केवढा मोठा फरक आहे! आपल्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव फलकावर लिहिलेला असणे आणि तो केवळ अडत्याला ठाऊक असणे यांत जे अंतर आहे, तेच हे अंतर होय.

येथे दानधर्माचा विचार मनात येतो. त्या काळची मुंबई दानशूर पारशांसाठी प्रसिद्ध आहे. नवसारीहून पोरका मुलगा म्हणून मुंबईत आलेले जमशेटजी जीजीभाई अमाप श्रीमंत झाले आणि त्यांच्या देणग्यांतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले, कला विद्यालय उभे राहिले, पुण्याच्या मुळा-मुठेवरील बंधाऱ्यास हातभार लागला. त्यांच्या कार्याला तोड नाही. फर्दुनजींजवळ असे धन नव्हते. त्यांनी जे दिले ते वर्गणी घेऊन दिले, आणि तरीही ते दानच म्हटले पाहिजे. कारण इंग्रजीत असलेली सत्ता आणि फारसीत असलेली विद्या या दोहोंच्या बाहेर राहिलेल्या माणसाला त्यांनी आत घेतले. आणि या व्यवहारात शेवटी ते स्वतः तोट्यात गेले.

अधिक महिन्याचे भांडण

ज्या पंचांगाने फर्दुनजींना वाचक मिळवून दिले, त्या पंचांगासारख्याच विषयाने त्यांना पेचात आणले. ही हकीकत ‘कबिसा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादाची आहे.

पारशी वर्षात तीस दिवसांचे बारा महिने आणि वरचे पाच दिवस, असे एकूण ३६५ दिवस असतात. सौर वर्ष याहून सुमारे पाव दिवसाने मोठे. ही चूक भरून काढण्यासाठी १२० वर्षांनी एक महिना अधिक धरावा, असा जुना संकेत होता. आपल्याकडे अधिक महिना येतो, तसाच हा प्रकार, पण फार दीर्घ अंतराने येणारा. हिंदुस्थानात आलेल्या पारशांनी एकदा असा महिना धरला. इराणात राहिलेल्या त्यांच्या बांधवांनी धरला नाही. परिणाम असा झाला, की दोन्हींच्या तारखांत बरोबर एका महिन्याचा फरक पडला. अठराव्या शतकात इराणहून आलेल्या विद्वानांमुळे हा फरक लक्षात आला. १७४५ साली सुरतेत काही मंडळींनी इराणी गणना स्वीकारली. ते ‘कदमी’ म्हणजे जुन्या रीतीचे झाले. उरलेले बहुसंख्य ‘शहेनशाही’.

एका महिन्याचा तो काय फरक, असे आपल्याला वाटेल. पण प्रार्थनेत दिवसाचे आणि महिन्याचे नाव उच्चारावे लागते. दिवसच चुकीचा असेल तर प्रार्थना पोहोचणार कशी? श्राद्धाची तिथी चुकली तर पितरांचे काय? ज्यांच्या घरात एकादशी स्मार्त की भागवत यावर चर्चा होते, त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. घराघरांत फूट पडली, एका जमातीच्या दोन जमाती झाल्या.

मुल्ला फिरोज हे कदमींचे प्रमुख धर्मगुरू. फर्दुनजी त्यांचे शिष्य आणि स्वतःही कदमी. १८२० नंतरच्या दशकात मुंबईत हा वाद पुन्हा पेटला, तेव्हा शहरातील एकमेव गुजराती वर्तमानपत्र कदमी संपादकाच्या हातात होते. फर्दुनजींनी आपली बाजू मांडली. बहुसंख्य शहेनशाही होते आणि त्यांच्यात श्रीमंत शेठिये होते. वैर वाढले. मार्च १८३२ मध्ये ‘जामे जमशेद’ हे दुसरे गुजराती पत्र पेस्तनजी माणेकजी मोतीवाला यांनी सुरू केले. जवळजवळ दहा वर्षे एकट्याने चाललेल्या पत्राला प्रतिस्पर्धी उभा राहिला. त्यातच व्यापारात फर्दुनजींना मोठी खोट आली आणि डोक्यावर कर्ज झाले.

येथे फर्दुनजींचा दोष मुळीच नव्हता असे म्हणणे योग्य होणार नाही. सर्वांसाठी निघालेले पत्र एका पक्षाचे झाले की वाचकाचा विश्वास डळमळतो. स्वतःचे मत असणे आणि ते मांडणे हा संपादकाचा हक्क आहे. परंतु गावात एकच आरसा असेल तर तो धरणाऱ्याने फार जपून धरावा लागतो. हा प्रश्न फर्दुनजींपुढे होता आणि आजच्या प्रत्येक संपादकापुढेही आहे. एवढे मात्र खरे, की त्यांनी पैशाच्या लोभाने मत बदलले नाही. ज्या गुरूपाशी ते पुस्तके पाहायला शिकले, त्या गुरूच्या बाजूला ते शेवटपर्यंत राहिले.

१८३२ साली त्यांनी मुंबई सोडली आणि दमणला आश्रय घेतला. दमण पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, इंग्रजांचा कायदा तेथे चालत नसे. ज्या पोर्तुगीजांच्या मुलखात अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी पहिला छापखाना उतरला होता, त्यांच्याच एका लहानशा बंदरात मुंबईचा हा पहिला गुजराती संपादक दुसऱ्यांदा परदेशी झाला. तेथेच १८४७ साली त्यांचा मृत्यू झाला.

ज्या १८३२ साली फर्दुनजी मुंबईतून गेले, त्याच वर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले होते. मराठी वृत्तपत्राचा तो आरंभ. एका बाजूने एक माणूस निरोप घेत होता आणि दुसऱ्या बाजूने दुसरा उभा राहत होता.

पत्र टिकले

मालक गेला तरी पत्र बंद पडले नाही. १८३२ साली ते आठवड्यातून दोनदा निघू लागले आणि १८५५ साली दैनिक झाले. मालकी बदलत गेली. १९३३ पासून ते कामा कुटुंबाकडे आहे. २०२२ साली त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली. अखंडपणे निघत असलेले आशियातील सर्वांत जुने वर्तमानपत्र म्हणून त्याची ख्याती आहे. मुंबईत फोर्ट भागात हॉर्निमन सर्कलजवळ त्याची लाल इमारत आहे. मर्झबान घराण्याचे नावही पुसले गेले नाही. याच घराण्यातील खान बहादूर मंचेरजी कावसजी मर्झबान (१८३९–१९१७) हे मोठे स्थापत्य अभियंता झाले. गरीब पारशांना अल्प भाड्यात राहायला घरे मिळावीत म्हणून त्यांनी निधी उभारला. एकाने बाहेरून आलेल्यांच्या भाषेला जागा दिली, तर दुसऱ्याने माणसांना.

सातासमुद्रापार तीच गोष्ट

ही गोष्ट केवळ मुंबईची नाही. फर्दुनजींनंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत जवळजवळ असेच घडले. मेक्सिकोतील नुएवो लेओन प्रांतात १८८६ साली जन्मलेला इग्नासिओ लोझानो हा तरुण १९०८ साली टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात आला. त्यानेही सुरुवात पुस्तकांच्याच धंद्यातून केली. पुढे मेक्सिकोत राज्यक्रांतीची धामधूम सुरू झाली आणि हजारो माणसे सीमा ओलांडून आली. शेतात, रेल्वेमार्गावर राबणाऱ्या या माणसांची भाषा स्पॅनिश, आणि भोवतालचे सगळे जग इंग्रजी. लोझानोने १९१३ साली ‘ला प्रेन्सा’ हे स्पॅनिश वर्तमानपत्र काढले, पुस्तके प्रकाशित केली, आणि १९२६ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘ला ओपिनिऑन’ हे दुसरे दैनिक सुरू केले. गरीब मेक्सिकन लोकांसाठी सॅन अँटोनिओत दवाखाना उभा करण्याच्या कामी लोझानो पती-पत्नींनी आणि त्यांच्या पत्राने पुढाकार घेतला. वर्तमानपत्राच्या पानावर आवाहन छापले की कष्टकरी माणसाचे चार पैसे गोळा होत. १९५३ साली लोझानो वारला. ‘ला ओपिनिऑन’ त्याच्या मुलाने पुढे चालविले.

सुरतेचा पारशी आणि मेक्सिकोचा लोझानो यांची भेट होणे शक्यच नव्हते. तरी दोघांच्या आयुष्याचा धागा एकच आहे. परमुलखात गेलेल्या माणसाला भाकरीइतकीच बातमीची गरज असते, आणि ती त्याच्या भाषेत दिली की विखुरलेल्या माणसांचा समाज होतो, हे दोघांनीही ओळखले.

आपल्यासाठी

आपण मराठवाड्यातील लोकांनी तर गाव न सोडताही परदेशीपण अनुभवले आहे. निजामी राजवटीत कचेरीची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. येथील बहुसंख्यांची मराठी आपल्याच घरात पाहुणी होती. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले, तेव्हा निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. बंदी आली की पत्राने नाव बदलायचे आणि पुन्हा निघायचे, असा तो झगडा १९४८ च्या मुक्तीपर्यंत चालला. फर्दुनजींना कर्जाने आणि वैराने घेरले, वाघमाऱ्यांना सरकारने घेरले. पण आपल्या भाषेतील छापील कागद माणसाच्या हाती पोहोचला पाहिजे, ही जिद्द दोन्हींकडे सारखीच.

आज आपल्या महाविद्यालयाच्या वाचनालयात टेबलावर वर्तमानपत्रे पडलेली असतात आणि आपण त्यांतील खेळाचे पान तेवढे काढून घेतो. बातमी तर आता खिशातल्या मोबाईलवरही येते. पण आपल्या गावातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला आपल्या हक्काची, मजुरीच्या दराची, मुलांच्या शाळेची माहिती त्याच्या भाषेत, वेळेवर आणि खरी मिळते का? ती आजही मुकादमाच्या तोंडून, मुकादमाच्या सोयीनेच मिळत असेल, तर १८२२ सालचे काम अजून पुरे झालेले नाही असेच म्हणावे लागेल. कला शाखेत भाषा शिकणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये. या वार्षिक अंकासाठी दोन पाने लिहिण्यापासून, सुटीत गावी गेल्यावर एखाद्याला अर्ज वाचून समजावून सांगण्यापर्यंत, कामाची सुरुवात कोठूनही करता येते. फर्दुनजींनी तरी ती पुस्तके बांधण्यापासूनच केली होती.